दुबईत आमचं कोणीच नाही

बाहेरदेशातून पैसा महिन्यातून एकदाच येतो, पण किस्से रोज येतात! पैसा आला तसा जातो. गॅस, किराणा, पोराची फी, कूलरची मोटर. किस्से मात्र खर्च होत नाहीत. एक सांगायला घेतला की मागून दुसरा धक्का मारतो, "मले पहिले सांग!"

तर पहिले माणसं सांगते.

आमची गल्ली उत्तर नागपुरात. ऊन उतरलं की माझ्या घरासमोरच्या ओट्यावर आम्ही तिघं बसतो. एक मी, माया. दिवसा रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात बिलिंग काउंटरवर असते. माझा नवरा प्रमोद मस्कतला एसी दुरुस्त करतो. दुसरी शेजारची रेखा. ब्लाउज शिवते. तिचा विनोद, यातल्या बहुतेक किश्शांच्या वेळी, कुवेतला वेल्डर. तिसरे सुधाकरभाऊ. हो, पुरुष! त्यांची मिसेस वंदनाताई आयर्लंडला नर्स आहे, म्हणून तेही आमच्यातच. चौथ्या आमच्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्या मेंबर नाहीत. त्या अध्यक्ष आहेत.

मस्कत, कुवेत, आयर्लंड. आणि गल्ली आम्हाला काय म्हणते? दुबईवाल्या! किती जणांना समजावून सांगितलं की बाबा, दुबईत आमचं कोणीच नाही. कोणी ऐकत नाही. सुधाकरभाऊंनाही लोक "दुबईवाल्यांतले सुधाकरभाऊ" म्हणतात. ते म्हणतात, "जाऊ द्या ताई. 'आयर्लंडवाला' म्हटलं तर लोक 'थायलंड' ऐकतात. त्यापेक्षा दुबई बरी!"

* * *

या नावाचा सगळ्यात मोठा फटका भाजीवाल्याकडे बसतो.

रोज दारावर येणारा ठेलेवाला. पूर्ण गल्लीला सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी दहाला देत होता. रेखाला म्हणाला, "वीस."

"काहून? माह्या सांभाराले काय सोन्याची काडी हाय?"

"तसं नाही ताई. तुमचं काय, तुमचं तिकडून येते. दिनारमध्ये!"

रेखा घरात गेली. विनोदनं मागच्या सुट्टीत येताना पोराला दाखवायला पाव दिनारची एक नोट आणली होती. ती घेऊन बाहेर आली आणि ठेल्यावर ठेवली.

"घे. दिनार."

भाजीवाल्यानं नोट उलटी केली, सुलटी केली, उन्हात धरली. बाजूच्या पानठेल्यावाल्याला दाखवली. मग गरीब तोंड करून म्हणाला, "ताई, हे इथं नाही चालत."

"नाही चालत ना?" रेखानं नोट उचलली. "मंग सांभार दहाचाच दे!"

* * *

प्रमोद गेला तेव्हाची गोष्ट. त्याचा पहिला पैसा आला, त्या दिवशी आत्याबाई नवीन लुगडं नेसून माझ्यासोबत बँकेत आल्या. पोराची पहिली कमाई बाहेरदेशातून आलेली, सुनेनं एकटीनं कशी पाहायची!

काउंटरवर एक नवीन पोरगी होती. नम्र होती बिचारी. तिनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि विचारलं, "पैसे कशासाठी आले, ते लिहावं लागते. फॅमिली मेंटेनन्स टाकू ना?"

मी "हो" म्हणणार, तेवढ्यात आत्याबाईंचा आवाज पूर्ण ब्रँचमध्ये गेला.

"मेंटेनन्स? कायचा मेंटेनन्स?"

आता झालं असं होतं की आत्याबाईंच्या बहिणीच्या मुलीची कोर्टात केस चाललेली. तिच्या नवऱ्यानं तिला सोडलं होतं, आणि कोर्टानं त्याला दरमहा पैसे द्यायला लावले होते. त्या पैशाला त्यांच्या घरात सगळे 'मेंटेनन्स' म्हणत. आत्याबाईंच्या डिक्शनरीत मेंटेनन्सचा अर्थ एकच. पोटगी!

"माह्या पोरानं बायको नाही सोडली! कमवाले गेला हाय तो! लिहून तर पाय मेंटेनन्स!"

ती पोरगी घाबरून उभीच राहिली. मी आत्याबाईंचा हात धरून म्हणत होते, "आत्याबाई, तसं नाही, हा शब्द वेगळा हाय." त्या ऐकेनात. शेवटी मॅनेजर साहेब बाहेर आले. त्यांनी आत्याबाईंना चारचौघांत खाली बसवून समजावलं की घरखर्चाला पाठवलेल्या पैशाला असंच म्हणतात. आत्याबाई निवळल्या. जाताना त्या पोरीच्या गालावरून हातही फिरवला.

पण तेव्हा बँकेच्या रांगेत आमच्या गल्लीतल्या दोन बाया उभ्या होत्या. त्यांनी पहिला भाग ऐकला होता, दुसरा नाही.

संध्याकाळी माझ्याकडे लोक यायला लागले. कोणी पाण्याचा ग्लास हातात देतं, कोणी पाठीवरून हात फिरवतं. एक काकू म्हणाल्या, "वरून दिसत नव्हता वं तो तसा." मला कळेचना की काय झालं! रेखा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "माया, मले तरी खरं सांगाचं. मी तुह्यी मैत्रीण हाय का नाही?"

रात्री जेवताना मस्कतहून फोन आला. प्रमोदचा आवाज रडवेला.

"माया, आपला घटस्फोट झाला म्हणे. निदान मले तरी सांगाचं ना!"

* * *

गल्लीच्या टोकाला डोंगरे सर राहतात. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून रिटायर झालेले. सकाळी पेपर वाचतात आणि दिवसभर त्याचं टेन्शन घेतात.

एकदा टीव्हीवर दिवसभर एकच बातमी. रुपया कोसळला, रुपया गडगडला. बातम्या देणारा माणूस असा तोंड करून बोलत होता, जणू त्याच्या घरातच काही झालं. इकडे रेखाचा हिशोब झाला होता. विनोद पाठवतो तितकेच दिनार, पण हातात येणारे रुपये जास्त! तिनं चौकातून पेढे आणले आणि गल्लीत वाटायला निघाली.

डोंगरे सर गेटात उभे होते. तिनं पेढा पुढे केला. सरांनी आधी तोंडात टाकला आणि मग विचारलं, "काय निमित्त?"

"रुपया पडला ना सर!"

सर थांबले. पेढा अर्धा आत, अर्धा बाहेर. मग इतके संतापले, की ओट्यावरून आम्हाला ऐकू आलं. "अरे, देशाचा रुपया पडून राहिला अन् तुम्ही पेढे वाटून राहिल्या? पेट्रोल महागंल, तेल महागंल, सगळं महागंल! लाज वाटाले पाह्यजे!"

रेखाचं तोंड उतरलं. तिच्या हातातला डबा तसाच राहिला. मग आत्याबाई ओट्यावरून उठल्या, सरळ सरांच्या गेटापर्यंत गेल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, पडाचा तो पडलाच ना? मंग आमच्या आंगणात पडला तर तुमचं काय गेलं!"

सरांनी डब्यातला आणखी एक पेढा उचलला.

* * *

याच डोंगरे सरांना महिला मंडळानं पुढे विहाराच्या हॉलमध्ये भाषणाला बोलावलं. पेढ्यांचं त्यांच्या मनात राहिलं असावं, कारण विषय त्यांनीच निवडला होता: बाहेरदेशातून येणारा पैसा.

सर शिकवायचे छान, हे मानावं लागेल. म्हणाले, "बाहेर कमावणारा माणूस घरी जो पैसा पाठवते, त्याले रेमिटन्स म्हणतात. देशातल्या सगळ्या घरी आलेला असा पैसा एकत्र करा. मंग देशात वर्षभर जे पिकते, जे बनते, जी कामं होतात, त्या सगळ्याची किंमत काढा. अन् पाहा, त्याच्यासमोर हा पैसा किती होते. त्याले म्हणतात अर्थव्यवस्थेतला हिस्सा. आपला देश मोठा, म्हणून हिस्सा लहान दिसते. पण नेपाळसारख्या देशात हा हिस्सा भलताच मोठा हाय!"

मग आमच्याकडे हात केला. "या बायांचे नवरे, अन् या सुधाकररावांच्या मिसेस, हे लोक नुसतं घर नाही चालवून राहिले. देश चालवून राहिले!"

टाळ्या पडल्या. रेखा ताठ बसली. सुधाकरभाऊंनी शर्टाची कॉलर सरळ केली. मला प्रमोदचा चेहरा आठवला. मस्कतच्या कुठल्यातरी गच्चीवर, एसीच्या डब्याशेजारी, घामानं निथळलेला. त्याला कोणी सांगितलं का, की बाबा, तू देश चालवून राहिला?

"कोणाले काही प्रश्न?" सरांनी विचारलं.

आत्याबाईंनी हात वर केला. मी लगेच मान खाली घातली.

"सर, यायच्या पैशात देशाचा हिस्सा हाय, ते समजलं. सासूचा किती असते?"

हॉल हसून हसून लोळला. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ते... ते अर्थशास्त्रात येत नाही, बाई."

"मंग कायचं अर्थशास्त्र!" म्हणत आत्याबाई खाली बसल्या.

भाषणातलं नेपाळचं वाक्य सुधाकरभाऊंनी बरोबर पकडलं होतं. आमच्या चौकात एक नेपाळी माणूस मोमोचा ठेला लावतो आणि महिन्याच्या महिन्याला घरी पैसे पाठवतो. भाषणाच्या दुसऱ्या दिवसापासून भाऊ रोज तिथे! मी म्हटलं, "भाऊ, हे काय?"

"ताई, आयर्लंडचा पैसा आपल्या चौकातून नेपाळले जाते. मी मधात उभा राहून फक्त खातो."

* * *

सुधाकरभाऊंचं खरं सांगायचं तर त्यांचं सोपं नव्हतं. ते एका प्रिंटिंग प्रेसमध्ये होते, ती बंद पडली. वंदनाताईला बाहेर नोकरी मिळत होती. दोघांनी बसून ठरवलं, ज्याला बोलावणं आलं त्यानं जायचं. विमानतळावर वंदनाताई नाही रडली. भाऊ रडले. मुलगी रिया तेव्हा लहान होती, तीच त्यांना रुमाल देत होती.

मग लोक बोलायला लागले. परक्यांचं एक ठीक आहे, पण सख्खा मोठा भाऊ! एका लग्नात, पंगतीत, सगळ्यांसमोर म्हणाला, "आमच्या सुधाकरचं बरं हाय. बायकोच्या कमाईवर बसून खाते."

आम्ही तिथेच होतो. माझा घास हातातच राहिला.

सुधाकरभाऊ आपल्या ताटाकडे पाहत म्हणाले, "बसून कुठं, दादा? आज तुमच्या कृपेनं बसलो. घरी तर उभ्यानंच खातो. पोरीचा डबा, भांडे, कपडे, पाणी भरनं. बसाले फुरसत कुठं हाय!"

बायकांच्या पंगतीतून जे हसू फुटलं, ते दादाला उद्देशून होतं. दादा पुढे वाढलेलं सगळं मुकाट्यानं जेवला.

त्यानंतर काही दिवसांनी घरोघरी माहिती घेणाऱ्या एक मॅडम आल्या. हातात टॅब. भाऊंनी दार उघडलं. दोन्ही हात कणकेचे.

"कुटुंबप्रमुख कोण?"

"मी. म्हणजे ती. म्हणजे... जो फोनवर असंल तो."

"कमावतं कोण?"

"मिसेस. आयर्लंडले."

"अन् तुम्ही काय करता?"

"पोळ्या."

मॅडमनी टॅबवर वर-खाली बोट फिरवलं. पोळ्या काही सापडेनात. शेवटी अवघडून म्हणाल्या, "भाऊ, इथं 'घरकाम' म्हटलं का 'गृहिणी' असंच येऊन राहिलं. चालंल?"

भाऊंनी क्षणभर विचार केला. "चालंल मॅडम. फक्त समोर 'सौ.' नका लावू!"

* * *

शाळेचा किस्साही भाऊंचाच.

रियाचं गणित कच्चं. टीचरनं बोलावलं, "आईला घेऊन या." भाऊ गेले. टीचर म्हणाल्या, "आई पाहिजे." भाऊ म्हणाले, "आई आयर्लंडले हाय." टीचर म्हणाल्या, "मग सुट्टीत येतील तेव्हा भेटू. आईशी बोलल्याशिवाय काही होत नाही."

भाऊंना ते लागलं. त्यांनी तिथेच व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पहाट होती. वंदनाताई एका वृद्धाश्रमात नर्स आहे, रात्रपाळी संपवून कोट चढवत होती. तिनं फोन समोर धरला आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "बोला टीचर."

टीचरनी सुरुवात केली. पाढे पाठ नाहीत, सातचा तर अजिबातच नाही, घरी लक्ष नाही. वंदनाताईचा चेहरा पडत चालला. इतक्या लांबून सातचा पाढा कसा पाठ करून घ्यायचा?

तेवढ्यात वंदनाताईच्या खांद्यामागून एक पांढऱ्या केसांचं डोकं आलं. तिथली एक नव्वदीची आजी. तिला पहाटे झोप येत नसे, वंदनाताई निघेपर्यंत ती मागेमागे फिरायची. आजीनं विचारलं, काय झालं? वंदनाताईनं सांगितलं, मुलीला सातचा पाढा येत नाही.

आजीनं चष्मा सावरला, फोनमध्ये डोकावली आणि टीचरला इंग्रजीत स्पष्ट सांगितलं, "बाई, सातचा मला अजून येत नाही. माझं काही अडलं नाही. पोरीला खेळू द्या. आणि तिची आई रात्रभर आम्हाला सांभाळून दमली आहे, तिला आता झोपू द्या." आणि फोन बंद केला!

टीचरनी काळ्या स्क्रीनकडे पाहतच भाऊंना विचारलं, "या कोण होत्या?"

भाऊ म्हणाले, "आमच्या तिकडच्या सासूबाई."

* * *

सुट्टीत येणारा माणूस म्हणजे गल्लीसाठी सणच! पण प्रमोद एकदा आला तो बॅग अर्धी रिकामी घेऊन. तिकडे ओव्हरटाइम बंद झालेला, हातात पैसा नव्हता. विमानतळावरून घरी येताना ऑटोतच मला म्हणाला, "माया, कोणाले काहीच नाही आणलं. आता लोकायले काय तोंड दाखवू?"

त्याचा तो चेहरा मला पाहवला नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटी गांधीबागेत, कापडाच्या बाजारात, गेले. होलसेलच्या एका मोठ्या दुकानातून ब्लँकेटं घेतली. मऊ, फुलाफुलांची, एकदम इम्पोर्टेड वाटणारी. घासाघीस अशी केली, की दुकानदारानं हात जोडले. घरी येऊन लेबलं कापली, थोडं अत्तर शिंपडलं आणि झाली मस्कतची ब्लँकेटं!

सगळे खूश. आत्याबाईंच्या मैत्रिणी तर ब्लँकेटचा वास घेऊन म्हणाल्या, "बाहेरदेशातला माल वासावरूनच समजते वं!"

शेवटी आले माझे लांबचे मामा. वर्षानुवर्षं भेट नाही. पण जावई आला म्हणून मुद्दाम भेटायला आलेले. मी त्यांनाही एक ब्लँकेट दिलं. मामांनी ते मांडीवर ठेवलं, दोन बोटांत धरून पाहिलं, किनार तपासली, घडी उलगडली आणि पुन्हा घातली. पण घडी अशी घातली, इतकी सफाईनं, जशी दुकानातच घालतात.

"मामा," मी हळूच विचारलं, "तुम्ही आजकाल कुठं असता कामाले?"

"गांधीबागेत."

प्रमोद छताकडे पाहायला लागला.

मामांनी चहा पूर्ण संपवला. बशी खाली ठेवली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "रंग थोडा भडक हाय वं. बिल असंल तर दे, उद्या ड्युटीवर जातोच हाय, बदलून घेतो!"

* * *

आता रेखाचा.

विनोदची कुवेतची कंपनी बंद पडली. तो परत आला, कायमचा. पहिला आठवडा पाहुण्यांत गेला. मग लोकांनी विचारायला सुरुवात केली, "परत कधी जाऊन राहिला गा?" सुट्टीवर आलेल्या प्रत्येकाला लोक हेच विचारतात, त्यात वाईट काही नसतं. पण विनोद गल्लीत निघेनासा झाला. सकाळी उठून दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि समोरच्या खोलीत बसून राहायचा. जायचं कुठेच नसायचं.

घर रेखाच्या मशीनवर चालायला लागलं. ती कधी त्याबद्दल बोलली नाही. तो खर्ऱ्याला, म्हणजे सुपारी-तंबाखूलाही, पैसे मागत नसे. रेखा काय करायची, खुंटीला टांगलेल्या त्याच्या शर्टाच्या खिशात गुपचूप नोट ठेवून द्यायची. त्याला ती सापडायची. तोही काही बोलायचा नाही. दोघं एका घरात, आणि बोलणं तेवढंच, मीठ कमी झालं, पाणी आलं, पोराला ताप आहे. एकदा ओट्यावर ती मला म्हणाली, "माया, कुवेतले होता तेव्हा जास्त बोलत होता वं तो."

मग त्याला हिंगण्याच्या एका कारखान्यात काम लागलं. कॉन्ट्रॅक्टवर, कुवेतच्या मानानं पगार अगदीच कमी. पण सकाळी चौकातून कंपनीची बस पकडायला लागला. चालण्यात फरक पडला. गल्लीतल्या पोरांना हाक मारायला लागला.

पहिल्या पगाराच्या दिवशी मी रेखाच्या स्वयंपाकघरात उभी होते. ब्लाउज घ्यायला गेले होते आणि बोलत राहिले. विनोद समोरच्या खोलीत, ड्युटीवरून येऊन हातपाय धुऊन बसलेला. दोन खोल्यांच्या मध्ये एक पडदा, बस. रेखा पोळ्या करत होती.

तिचा मोबाईल पिठाच्या डब्यावर होता, तो वाजला. तिनं पाहिलं. लाटणं थांबलं.

विनोदनं पगार पाठवला होता. पूर्णच्या पूर्ण. समोरच्या खोलीतून स्वयंपाकघरात!

मी म्हटलं, "अवं, हातात काहून नाही दिला त्यानं?"

रेखा मोबाईलकडे पाहत राहिली. मग मला हळू आवाजात म्हणाली, कुवेतला होता तेव्हा पैसा आला की ती दरवेळी एकच मेसेज टाकायची: 'पोचले. जेवले काय?' आणि त्याचं उत्तर दरवेळी लगेच यायचं: 'जेवलो.' परत आल्यावर एकदा बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, की त्यातल्या किती दिवशी तो जेवलेलाच नव्हता. घरी पाठवून उरायचं त्यात चहा आणि खबूस, म्हणजे तिकडची रोटी.

बोलता बोलता तिनं पदराला हात पुसले आणि टाइप केलं. पीठ लागलं स्क्रीनला.

'पोचले. जेवले काय?'

पडद्यापलीकडे त्याचा मोबाईल वाजला. टीव्हीचा आवाज बंद झाला. आम्ही दोघी तशाच उभ्या. तव्यावरची पोळी करपायला लागली, तरी कोणी उलटली नाही. यावेळी उत्तर लगेच आलं नाही.

मग आलं. रेखानं वाचलं आणि मोबाईल माझ्याकडे केला.

'नाही. तुह्यी वाट पाहून राहिलो.'

रेखानं गॅस बंद केला. मांडणीवरून दोन ताटं काढली. पदरानं तोंड पुसलं, केस मागे घेतले आणि मला म्हणाली,

"माया, तू आता घरी जाय वं!"